संतांचें अनुकरण व गोमंतकांतील तीन ख्रिस्ती ग्रंथ

१

गोमंतकांत इसवी सनाच्या सतराव्या शतकांत ख्रिस्ती धर्मोपदेशकांनीं देशी भाषांत जे ग्रंथ रचले, त्यांचा विचार आजवर बहुधा दोन दृष्टींनीं झाला आहे. भाषाभ्यासक त्यांत मराठीचीं व कोंकणीचीं जुनीं रूपें शोधतात. मुद्रणाच्या इतिहासाचे अभ्यासक मुखपृष्ठांवरील सन व स्थळ टिपून घेतात. हे दोन्ही उद्योग आवश्यक आहेत, आणि ते करणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहों. परंतु ग्रंथकारानें आपला ग्रंथ भाषेचा नमुना म्हणून रचलेला नसतो. तो वाचून वाचणारानें कांहीं विशिष्ट तऱ्हेनें वागावें, अशी त्याची अपेक्षा असते. ती अपेक्षा कोणती होती, ती कोठून आली, आणि खुद्द ग्रंथकारांच्या काळीं ती कितपत पाळली गेली, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं या ग्रंथांच्या मुळाशीं संतांच्या अनुकरणाची एक फार जुनी शिकवण आहे. ती ध्यानांत घेतल्यावांचून त्यांची रचना व त्यांतील नायकांची निवड नीट उमगत नाहीं. आणि हे ग्रंथ ज्या परिस्थितींत जन्मले तिचा न्याय करावयाचा तर त्याच शिकवणीचें माप त्या परिस्थितीसही लावलें पाहिजे.

२

प्रथम शब्दांचा विचार करूं. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारीत, कीं आपला ‘संत’ आणि ख्रिस्ती लोकांचा ‘सेंट’ किंवा ‘सांतु’ हे मुळांत एकच शब्द काय? ध्वनि इतका जवळचा आहे, कीं तसा समज होणें स्वाभाविक आहे. परंतु तो खरा नाहीं. ‘संत’ हा शब्द अस् धातूच्या ‘सत्’ या धातुसाधिताच्या ‘सन्तः’ या अनेकवचनापासून आला. जे खरोखर आहेत, सत्यरूप आहेत, ते संत. ‘सांतु’ हा पोर्तुगीज शब्द लॅटिन ‘सांक्तुस्’ पासून आला, आणि त्याच्या मूळ धातूचा अर्थ विधिपूर्वक पवित्र व अनुल्लंघनीय ठरविणें असा आहे. एकांत असण्याचा अर्थ आहे, दुसऱ्यांत पवित्र करण्याचा. ‘सत्’ शब्दाचा लॅटिन भाऊबंद ‘सोन्स्’ हा असून त्याचा अर्थ ‘अपराधी’ असा आहे. कृत्य करणारा जो, तो हाच आहे, या भावानें तो अर्थ आला असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. संत आणि अपराधी हे शब्द एका कुळांतले निघावेत, हें वाचून कोणास हंसूं येईल. पण पुढें पीटरच्या चरित्राकडे वळतांना या योगायोगाची आठवण आम्हांस पुन्हां होणार आहे.

प्रस्तुत विषयास याहून उपयोगी शब्द ‘आदर्श’ हा होय. आदर्श म्हणजे आरसा. पुढें, ज्या प्रतीकडे पाहून दुसरी प्रत उतरावयाची त्या मूळ प्रतीसही संस्कृतांत आदर्श म्हणूं लागले. पोथ्यांच्या संग्राहकांस हें सांगावयास नको. लेखनिक आदर्शाकडे पाहून लिहितो. त्याची प्रत पुढच्या लेखनिकास आदर्श होते. आणि प्रत्येक प्रतींत मूळचा पाठ असतो तसा उतरणाऱ्याचा हातही असतो, त्याच्या चुकाही असतात. ख्रिस्ती धर्मांतील संतानुकरणाची कल्पना पुष्कळशी अशीच आहे. मूळ प्रत ख्रिस्त. संत त्याच्या प्रती. आणि त्या प्रतींवरून पुढच्यांनीं आपापली प्रत उतरावयाची.

३

ही कल्पना त्या धर्माच्या अगदीं आरंभापासूनची आहे. पौलानें कोरिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत, मी जसा ख्रिस्ताचें अनुकरण करितों तसें तुम्ही माझें करा, अशा अर्थाचा उपदेश आहे. येथें तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात : मूळ, त्याचा अनुकर्ता, आणि त्या अनुकर्त्याचे अनुकर्ते. दुसऱ्या शतकांत स्मिर्ना नगरचा वृद्ध बिशप पॉलिकार्प यास ठार मारण्यांत आलें. त्या प्रसंगाचा जो वृत्तांत त्याच्या मंडळीनें लिहून ठेविला आहे त्यांत, पूजा ख्रिस्ताची करावयाची आणि हुतात्म्यांवर प्रेम करावयाचें तें त्याचे शिष्य व अनुकर्ते म्हणून, असा भेद स्पष्ट केलेला आहे. त्याचा स्मरणदिन पाळण्याचा हेतूही तेथें सांगितला आहे : झाले त्यांचें स्मरण व्हावें आणि पुढें येतील त्यांची तयारी व्हावी.

चवथ्या शतकाच्या अखेरीस ऑगस्टीन यानें फाउस्तुस् नामक प्रतिपक्ष्यास उत्तर देतांना या विषयाचा निर्णय तीन कलमांत केला. हुतात्म्यांचे उत्सव ख्रिस्ती लोक करितात ते त्यांच्या अनुकरणाची प्रेरणा व्हावी म्हणून, त्यांच्या पुण्यांत सहभाग मिळावा म्हणून, आणि त्यांच्या प्रार्थनांचें साहाय्य व्हावें म्हणून. या तिहींत अनुकरण पहिलें आहे व याचना शेवटची आहे, हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. लोकव्यवहारांत हा क्रम बहुधा उलटा होतो. हें केवळ ख्रिस्ती लोकांतच घडतें असें नाहीं. ज्ञानेश्वरांनीं भिंत चालविल्याची कथा ज्यांस ठाऊक आहे अशांची संख्या ज्ञानेश्वरी वाचणाऱ्यांहून नेहमींच मोठी राहिली आहे. चमत्कार ऐकण्यास श्रोत्यास कांहींच द्यावें लागत नाहीं. अनुकरणास आयुष्य द्यावें लागतें.

सोळाव्या शतकांत युरोपांत धर्मसुधारणेचा वाद पेटला तेव्हां संतपूजेवर मोठा आक्षेप आला. त्यास उत्तर म्हणून ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें आपल्या पंचविसाव्या बैठकींत, डिसेंबर १५६३ मध्यें, संतांचें आवाहन, त्यांचे अवशेष व प्रतिमा यांविषयीं ठराव केला. त्यांत प्रतिमांचें समर्थन करितांना, संतांचे चमत्कार व त्यांचीं हितकर उदाहरणें लोकांच्या डोळ्यांपुढें यावींत आणि त्यांनीं आपलें आचरण संतांच्या अनुकरणानें घडवावें, हा हेतु सांगितला आहे. गोमंतकांतील ग्रंथकार या परिषदेनंतरच्या पहिल्या दोन पिढ्यांतले होत. त्यांच्या शिक्षणांत हा ठराव मुरलेला होता.

४

सिद्धांत असा आहे. व्यवहारांत त्याची परंपरा कशी चालली तें एका नांवाच्या प्रवासावरून दाखवितां येतें.

इजिप्तमधील अरण्यवासी अँटनी इ. स. ३५६ मध्यें वारला. त्याचें चरित्र आलेक्झांड्रियाचा बिशप अथानेसियस यानें लौकरच लिहिलें, आणि तें लिहिण्याचा हेतु संन्यस्तांपुढें नमुना ठेवावा हाच होता. तें चरित्र त्रेव्ह्स् नगरीं दोन राजसेवकांच्या हातीं पडलें, व तें वाचून त्यांनीं तत्काळ चाकरी सोडली. ही गोष्ट ऑगस्टीन यास मिलान येथें एका परिचितानें सांगितली आणि तिनें तो हादरला. त्याच्या ३८६ मधील मनःपरिवर्तनापूर्वीं घडलेल्या गोष्टींत त्यानें स्वतःच आपल्या आत्मकथनांत ती नोंदविली आहे. म्हणजे अनुकरणावर वर सांगितलेला निर्णय देणारा पुरुष स्वतः या साखळींतलाच एक दुवा होता.

पुढें सुमारें सव्वाआठशें वर्षांनीं लिस्बन येथें जन्मलेला फर्नांदो नांवाचा तरुण पाद्री कोइंब्रा येथील मठांत अध्ययन करीत होता. १२२० च्या जानेवारींत मोरोक्कोंत पांच फ्रान्सिस्कन साधूंचा वध झाला व त्यांचे देह कोइंब्रा येथें आणण्यांत आले. ते पाहून फर्नांदोनें आपला संप्रदाय सोडला, त्या साधूंचा संप्रदाय घेतला, आणि त्यांच्या लहानशा मठास इजिप्तमधील अँटनीचें नांव होतें तेंच स्वतः धारण केलें. त्या पांचांप्रमाणें मरण यावें म्हणून तो मोरोक्कोस गेला. पण तेथें आजारी पडला, आणि परतीच्या वाटेवर वाऱ्यानें त्याचें जहाज सिसिलीस नेलें. हाच पुढें पादुआचा अँटनी म्हणून प्रसिद्ध झाला. तो १३ जून १२३१ रोजीं वारला, व एक वर्ष होण्यापूर्वींच, ३० मे १२३२ रोजीं, त्यास संतपद देण्यांत आलें. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं जें अनुकरण करावें म्हणून तो निघाला तें त्यास साधलें नाहीं. आदर्शांतील पाठ एक आणि त्याच्या हातून उतरला तो दुसराच. तरी प्रत खरी ठरली.

तिसरें उदाहरण इग्नेशियस लोयोला याचें. १५२१ मध्यें पांप्लोना येथील लढाईंत पायास जखम होऊन तो घरीं पडून राहिला. त्यास हव्या होत्या शौर्यकथा. घरांत सांपडलें तें ख्रिस्ताचें एक चरित्र आणि संतचरित्रांचा एक संग्रह. ते वाचतांना फ्रान्सिस व डॉमिनिक यांनीं जें केलें तें मीं केलें तर काय होईल, हा विचार त्याच्या मनांत घर करून बसला. १५४० मध्यें पोपची मान्यता मिळालेल्या जेसुइट संघाचा हाच संस्थापक. ज्या संघाचा उगमच संतचरित्राच्या वाचनांत आहे, त्या संघाचे लोक जेथें गेले तेथें त्यांनीं चरित्रें लिहावींत यांत नवल नाहीं. आपण ज्या तीन ग्रंथांचा विचार करणार आहों त्या तिहींचे कर्ते जेसुइट होते.

५

आतां गोमंतकाकडे वळूं. हे ग्रंथ कोऱ्या भूमीवर उगवले नाहींत, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. साष्टी व बारदेश हे महाल १५४३ मध्यें पोर्तुगीजांकडे गेले. १५६७ च्या सुमारास साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. जुन्या पोथ्यांचीही गत तीच झाली. १५५८-५९ च्या सुमारास एका ब्राह्मणाच्या घरांतून व्यासांच्या नांवावरील पोथ्या हरण करून आणल्याचा उल्लेख जेसुइटांच्याच तत्कालीन पत्रव्यवहारांत आहे. पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत रामायण-महाभारतांतील कथांचीं जीं रोमन लिपींतील हस्तलिखितें आहेत, तीं याच काळांतील गोमंतकाशीं संबद्ध आहेत. जें वाचूं नये म्हणून लोकांकडून काढून घेतलें, तेंच धर्मोपदेशकांनीं स्वतः शिकण्यासाठीं उतरून घेतलें.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट ऑक्टोबर १५७९ मध्यें गोव्यास आला व १६१९ मध्यें येथेंच वारला. त्याचें बहुतेक आयुष्य साष्टींत गेलें. तो येऊन चार वर्षें होतात न होतात तोंच, जुलै १५८३ मध्यें, कुंकळ्ळी येथें पांच जेसुइट मारले गेले. त्यांचे देह मिळवून त्यांस मूठमाती देण्याच्या खटपटींत स्टीफन्स होता. कोइंब्राच्या पांच देहांची येथें आठवण होते. रोमनें या पांचांस १८९३ मध्यें ‘धन्य’ म्हणून घोषित केलें. परंतु त्याच प्रकरणाची दुसरी बाजू कुंकळ्ळीकरांची आहे. त्यांचीं देवळें पाडण्यांत आलीं होतीं, व पुढें त्यांच्या प्रमुख गांवकरांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळणें येथील किल्ल्यांत बोलावून ठार करण्यांत आलें. आपल्या देवासाठीं मरण पतकरलें असें दोन्ही बाजूंस म्हणतां येतें. नोंद मात्र दीर्घकाळ एकाच बाजूची झाली. इतिहासलेखकानें दोन्ही नांवनिशा एकाच पानावर लिहिल्या पाहिजेत.

या घटनेनंतर तेहतीस वर्षांनीं स्टीफन्सचा ग्रंथ छापून निघाला. त्याच्या आरंभीं एक प्रसंग आहे. धर्मशिक्षण चाललें असतां एक ब्राह्मण श्रोता उठून म्हणतो, कीं आमचीं पूर्वींचीं पुराणें आपण बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं? हा प्रसंग जसाच्या तसा घडला असो वा कवीनें योजिला असो, त्यांतील तक्रार खरी होती, आणि ती ग्रंथांत लिहून ठेवण्याइतका प्रामाणिकपणा कवीच्या ठायीं होता. पुराण म्हणजे मनोरंजन नव्हे. संध्याकाळीं चार माणसें जमून जीवन कसें जगावें याचे नमुने ऐकण्याची ती रीत होती. ती रीत मोडल्यानें समाज आदर्शहीन झाला होता, आणि स्टीफन्सनें ती उणीव त्यांच्याच ओवींत भरून काढण्याचें मनावर घेतलें.

६

आतां तिन्ही ग्रंथांचीं मुखपृष्ठें एकापुढें एक मांडून पाहूं.

पहिलें मुखपृष्ठ १६१६ चें, राशोल येथील जेसुइटांच्या सर्व-संत विद्यालयांतलें. ख्रिस्तपुराण हें नांव त्यावर नाहीं. आमचा तारक येशू ख्रिस्त याच्या जगांत येण्याविषयीं दोन भागांचें निरूपण, असा पोर्तुगीज मथळा आहे, आणि कर्ता आपल्यास इंग्रज म्हणवितो. पहिल्या भागांत ३६ व दुसऱ्यांत ५९ ‘अवस्वरु’ असून एकंदर ओव्या सुमारें ११,००० भरतात. पहिल्यांत जुन्या कराराच्या कथा व दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र आहे. हें संतचरित्र नव्हे. पण वर सांगितलेल्या दृष्टान्ताप्रमाणें ही मूळ प्रत होय. ती आधीं लोकांच्या हातीं दिल्यावांचून तिच्या नकला कशाच्या नकला आहेत तें कळणार नव्हतें.

दुसरें मुखपृष्ठ एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच जेसुइटाच्या ग्रंथाचें. हा ग्रंथ गोव्यांतील ‘येशूच्या गृहांत’ छापला गेला. त्याचीं मुद्रणवर्षें १६२९ व १६३४ अशीं आहेत. प्रेषित संत पीटर याच्या जीवनावरील निरूपण, ब्राह्मण-मराठी भाषेंत पद्यबद्ध, असें त्याचें स्वरूप मथळ्यांतच सांगितलें आहे. आणि पूर्वेकडील ‘मूर्तिपूजकांच्या’ मुख्य भ्रमांचें खंडन, धर्मांतील गूढांचें विवरण व या नव्या ख्रिस्ती समाजास आवश्यक असा उपदेश, हे तीन हेतु दिले आहेत. फ्रान्सिस झेवियर यास १६२२ मध्यें संतपद मिळालें होतें, व १६२४ मध्यें त्याचा देह याच गृहीं आणून ठेविला होता. म्हणजे एका आवारांत एका संताचा देह, ज्यापुढें लोक नवस बोलत, आणि दुसऱ्या संताचें चरित्र छापणारा खिळा. ऑगस्टीनच्या कलमांपैकीं याचना एका दालनांत व अनुकरण दुसऱ्या दालनांत, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

पण झेवियरसारखा नवा, गाजलेला व घरचाच संत हाताशीं असतां पीटरचीच निवड कां? पोपच्या गादीचा तो मूळपुरुष, हें एक कारण उघड आहे. आमच्या मतें दुसरेंही आहे. पीटर हा कोळी. तो उतावळा होता. पाण्यावर चालूं गेला आणि भीति वाटतांच बुडूं लागला. गुरूला धरून नेलें त्या रात्रीं त्यानें तीन वेळां त्याची ओळख नाकारली, आणि कोंबडा आरवतांच बाहेर जाऊन रडला. चारही शुभवर्तमानांत हा नकार लिहिलेला आहे. आपल्या अग्रणीचा दोष त्या समाजानें झांकला नाहीं. ‘सत्’ आणि ‘अपराधी’ एका कुळांतले, ही भाषाशास्त्राची गंमत येथें जणूं चरित्रांत उतरली आहे. झेवियरची प्रत उतरणें गांवच्या कुळवाड्यास वा कोळ्यास कठीण. पीटरची त्यास अशक्य नाहीं, कारण चुकल्यावर परत कसें यावें याचा पाठ तिच्यांतच आहे.

यांत आणखी एक धार आहे, आणि ती ग्रंथकारास जाणवली असो वा नसो, आजच्या वाचकास जाणवल्यावांचून राहत नाहीं. १६२९ मध्यें साष्टींत ही कथा ऐकणाऱ्या पुष्कळांचे आजे-पणजे भीतीनें किंवा निरुपायानें आपल्या देवास अंतरले होते. भीतीच्या रात्रीं आपल्यास प्रिय असलेल्यास नाकारणें म्हणजे काय, हें त्या श्रोत्यांस कोणीं समजावून सांगावयास नको होतें. खंडनासाठीं रचलेल्या ग्रंथाचा नायक, ज्यांचें खंडन करावयाचें त्यांच्याच दुःखाचा जाणता निघावा, हें संतचरित्राचें सामर्थ्य होय. तें कर्त्याच्या हेतूंत मावत नाहीं.

तिसरें मुखपृष्ठ १६५५ चें, पुन्हां राशोल येथील. विषय पादुआचा अँटनी. कर्ता आंतोनियो द साल्दान्या. या मथळ्याचा क्रम उद्बोधक आहे. संताच्या हयातींत व मरणोत्तर घडलेले चमत्कार आधीं सांगितले असून, ‘त्याच संताच्या चरित्रासह’ हे शब्द मागाहून येतात. आणि सर्वांस सुलभपणें कळावें म्हणून देशांत चालू असलेल्या भाषेंत रचना केली, असेंही नमूद आहे. पीटरच्या ग्रंथांत चरित्र पुढें होतें. एकवीस वर्षांत चमत्कार पुढें आले. एकाच मथळ्यावरून मोठें अनुमान काढणें धोक्याचें, तथापि लोकांची ओढ कोणीकडे होती व ग्रंथकारानें ती कितपत मान्य केली, याची ही साक्ष आहे. साल्दान्याविषयीं एक गोष्ट मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तो मोरोक्कोंतील माझागांव या पोर्तुगीज ठाण्यांत जन्मला, व प्रथम शिपाई म्हणून हिंदुस्थानांत आला. ज्या भूमीवर मरण यावें म्हणून अँटनी गेला आणि जी त्यास लाभली नाहीं, तेथें जन्मलेल्या त्याच्याच नांवाच्या पुरुषानें चार शतकांनंतर त्याची कथा गोमंतकाच्या बोलींत आणली. इजिप्तचा अँटनी, पादुआचा अँटनी, साष्टीचा आंतोनियो : ही एका आदर्शाची वंशावळच होय.

७

या ग्रंथांचें पुढें काय झालें? ख्रिस्तपुराण १६४९ व १६५४ मध्यें पुन्हां छापलें गेलें. पुढें देशी भाषांविषयींचा उत्साह ओसरला. १६७४ नंतर गोव्यांतील छापखाने थांबले ते १८२१ पर्यंत. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यानें, लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असें फर्मान काढलें. ज्या भाषेंत संत आणले तीच टाकावी, असा हा हुकूम. ख्रिस्तपुराणाच्या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं.

तरी ग्रंथ राहिला. तो छापखान्यानें राखला नाहीं, नकलाकारांनीं राखला. गोव्याहून कानडा प्रांतांत जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्याच्या रोमन लिपींतील प्रती हातानें उतरून घरोघरीं ठेविल्या. टिपूनें १७८४ मध्यें या समाजास श्रीरंगपट्टणास बंदिवासांत नेलें व १७९९ पर्यंत त्याचे हाल झाले. अशा उलथापालथींतूनही प्रती वांचल्या. त्यांच्याच आधारें जोसेफ साल्दान्हा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें आवृत्ति काढली. १९२३ मध्यें जस्टिन ॲबट यांनीं लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रतीचा शोध प्रसिद्ध केला. तींत परकी धर्मसंज्ञांच्या जागीं संस्कृत शब्द अधिक आहेत. ॲबट तीस मूळ पाठ मानीत. पुढील अभ्यासकांनीं त्याविषयीं शंका घेतली आहे. हेच ॲबट महीपतीच्या १७६२ मधील भक्तविजयाचें इंग्रजी भाषांतर नरहर गोडबोले यांच्या साहाय्यानें करणारे. एक ख्रिस्ती मिशनरी आयुष्याचीं अखेरचीं वर्षें मराठी संतांच्या चरित्रांत घालवितो, आणि त्याच हातानें ख्रिस्ती पुराणाची हरवलेली पोथी उजेडांत आणतो, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. पुढें १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं पुणें येथून ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ति काढली, व अँटनीच्या कथेची आवृत्ति अ. का. प्रियोळकर यांनीं १९६३ मध्यें सिद्ध केली.

८

तात्पर्य काय? ज्यांनीं संतांचें अनुकरण शिकविलें त्यांच्याच राजवटींत देवळें पडलीं, पोथ्या गेल्या, व भाषेवर फर्मान निघालें. या विसंगतीवर पांघरूण घालणें हा इतिहास नव्हे. आणि तिच्यावरून या ग्रंथांस केवळ सत्तेचें हत्यार म्हणून बाजूस सारणें हाही नव्हे. त्यांच्याच शिकवणीचें माप लावावें हें उत्तम. त्या मापानें पाहतां, पोथी हरण करणारा पीटरचा अनुकर्ता ठरत नाहीं. पोथी गेल्याची तक्रार ऐकून तिच्या जागीं पोथी लिहिणारा त्याच्या जवळ येतो. आणि ज्यानें त्या पोथीची दिव्याच्या उजेडांत अक्षरशः नक्कल केली, ज्याचें नांव कोणत्याही संतमालिकेंत नाहीं, तो अनुकरण या शब्दाचा अर्थ सर्वांत सरळपणें जगला.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. साष्टी, बारदेश व कानडा येथील जुन्या ख्रिस्ती घरांतून रोमन अक्षरांतील वह्या अजून निघण्याचा संभव आहे. लिपि परकी दिसते म्हणून त्या ‘पोर्तुगीज कागद’ या सदरांत टाकल्या जातात, व मग वाळवीच्या होतात. अशी वही हातीं आल्यास एखादें पान मोठ्यानें वाचून पाहावें. कानास ओवी लागली, तर ती मराठी पोथी आहे असें समजावें आणि तिची नोंद करून ठेवावी. आदर्शाची एक प्रत वांचली तरी तिच्यावरून पुढें कितीही उतरतां येतात.